हरणासाठी मचाण कुठे बांधावं: वारा, वाट आणि झाड

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, दुपारचे चार वाजलेले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या एका शेतावर मी ओकच्या झाडावर अठरा फूट उंच बसलो होतो. खिशात मिल्कवीडच्या वाळक्या शेंगा होत्या. आपल्या रुईची ही नातलग. शेंग उकलली की आत तशाच रेशमी म्हाताऱ्या. त्यातली एक चिमटीत धरली आणि सोडून दिली. ती माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेली, वीसेक पावलं सरळ तरंगली आणि मग एकदम झुकून घळीत उतरली. घळीच्या तोंडाशी तिनं गिरकी घेतली, वर उचलली गेली आणि थेट त्या झुडपांत शिरली, जिथून हरणं येतील म्हणून मी दोन तास वाट पाहत होतो.

दुसरी सोडली, तिसरी सोडली. तिन्ही एकाच वाटेनं गेल्या. म्हणजे दोन तास माझा वासही त्याच वाटेनं झुडपांत जात होता. अंधार पडेपर्यंत एक पाडससुद्धा बाहेर आलं नाही.

झाड चांगलं होतं. खाली हरणांच्या तीन वाटा एकत्र येत होत्या, ओल्या मातीत ताजे खुर उमटलेले होते, शेजारच्या कोवळ्या झाडाची साल नरानं शिंगं घासून सोललेली होती. तरी जागा चुकली होती. का चुकली हे समजायला मला पुढचे दोन हंगाम लागले. तेच इथे सांगतो आहे, कारण अमेरिकेत शेतजमीन घेतलेले किंवा शेतकरी मित्राकडून "या की शिकारीला" असं निमंत्रण आलेले मराठी लोक आता भेटू लागले आहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: मचाण कोणत्या झाडावर बांधू?

माझं सांगणं असं की झाड सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी तुमचा वास कुठे जातो ते बघायचं, मग तुम्ही तिथवर जाणार कसे आणि परतणार कसे ते ठरवायचं, आणि या दोन्हींत बसेल अशी हरणाची वाट शोधायची. झाड त्या वाटेच्या आसपास मिळतंच.

मी मूळचा यवतमाळकडचा. वडील तुरीच्या आणि ज्वारीच्या दिवसांत जागलीला जायचे. शेतात मचाण असायचं, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा डबा. रोही आणि रानडुक्कर पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर आवाज करायचा. तिथलं मचाण जनावराला हाकलण्यासाठी होतं, इथलं जनावराला कळू नये म्हणून आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती निराळी. दक्षिण विस्कॉन्सिनमधून लांडगे कधीच गेले, मका-सोयाबीनचं रान मोकळं पडलं, आणि पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी वाढली की जंगलात ओकची रोपं वर यायच्या आधीच कुरतडली जातात. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत केलेली शिकार हा इथल्या वन्यजीव व्यवस्थापनाचाच भाग आहे. ज्यांना शिकार करायची नाही, पण कॅमेरा घेऊन बसायचं आहे, त्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. बुद्धपौर्णिमेला ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणात रात्र काढलेल्यांना तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

हरीण दिवसभर काय करतं

हरीण रवंथ करणारं जनावर आहे. भराभर खायचं, पोट भरायचं आणि मग सुरक्षित जागी बसून निवांत रवंथ करायचं, हा त्याचा दिवस. पहाटे आणि संध्याकाळी ते जास्त हिंडतं. तेव्हा शेतमालकाच्या जमिनीवर तुम्हाला दोन ठिकाणं माहीत हवीत: बसायची जागा आणि खायची जागा. मचाण या दोन्हींच्या मधल्या प्रवासावर असतं.

खायची जागा शोधणं सोपं, पण ती बदलत राहते. सप्टेंबरमध्ये सोयाबीनची पानं पिवळी पडली की हरणं ते शेत सोडून देतात. अल्फाल्फाचा घास कडक हिव पडेपर्यंत हिरवा असतो, तिकडे ती जातात. ऑक्टोबरात ओकची फळं गळायला लागली की अचानक शेतं ओस दिसतात आणि लोक म्हणतात, हरणं गेली कुठे? ती जंगलातच असतात, ओकखाली. त्यातही पांढऱ्या ओकचं फळ त्यांना जास्त आवडतं, कारण त्यात तुरटपणा कमी. हे फळ एकाच हंगामात तयार होऊन गळतं. तांबड्या ओकच्या फळाला दोन वर्षं लागतात आणि ते जास्त तुरट असतं, म्हणून ते मागे उरतं आणि हिवाळ्यात कामी येतं. जमिनीवर पांढरा ओक कुठे कुठे आहे याची खूण नकाशावर करून ठेवा. पानाच्या कडेचे बाहेर आलेले भाग गोलाकार असतील तर पांढरा, टोकदार असतील तर तांबडा. मका काढला की सांडलेल्या दाण्यांसाठी पुन्हा शेताकडे वळतात. त्यामुळे "इथे मागच्या वर्षी दहा हरणं दिसली होती" हे वाक्य फारसं कामाचं नाही, त्या वर्षी त्या तुकड्यात काय पेरलं होतं ते विचारा.

बसायची जागा समजायला जास्त वेळ लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

विस्कॉन्सिनचा हा कोपरा हिमयुगात हिमनद्यांखाली गेला नाही. आजूबाजूचा मुलूख रगडून सपाट झाला, हा मात्र डोंगरधारा, सोंडा आणि घळींचा राहिला. वर धारेवर शेतं, उतारावर ओक आणि हिकरीचं रान, तळाला ओहळ. अशा जमिनीत मोठा नर बहुधा उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात बसतो, डोंगराच्या सोंडेच्या टोकाजवळ, आणि वारा येतो त्याच्या आडच्या बाजूला. तो तिथे का बसतो हे एकदा कळलं की बाकी सगळं उलगडतं. धारेवरून येणारा वारा त्याच्या पाठीवरून जातो, म्हणून मागून कुणी आलं तर नाकाला कळतं. समोर उतार खाली पसरलेला, म्हणून पुढून कुणी आलं तर डोळ्याला दिसतं. आणि दिवसा ऊन पडलं की खालची तापलेली हवा उतारावरून वर चढते, ती घळीतला वासही त्याच्यापर्यंत आणून देते. एका जागी बसून त्याला तिन्हीकडची बातमी मिळते.

शाळेतला भूगोल इथे उपयोगी पडतो

मराठी माध्यमात शिकलेल्यांना दरीय वारे आणि पर्वतीय वारे आठवत असतील. दिवसा उतार तापतो, हवा हलकी होऊन दरीतून डोंगराकडे वर चढते. रात्री उतार निवतो, जड झालेली थंड हवा डोंगरावरून दरीत उतरते. परीक्षेत चार ओळी लिहून आपण हे सोडून दिलं. शंभर फूट उंचीच्या टेकडीवरही हे रोज घडतं, आणि हवामानाच्या ॲपमध्ये ते दिसत नाही. ॲप सांगतं, वारा वायव्येचा, ताशी सात मैल. ते त्या विभागाचं. तुमच्या घळीत वाऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं.

जोराचा वारा असला तर तो या हलक्या प्रवाहांना दाबून टाकतो. पण हरणं जेव्हा हिंडतात, म्हणजे पहाटे आणि मावळतीला, तेव्हा वारा बहुतेक पडलेला असतो आणि उताराचे प्रवाहच राज्य करतात. त्यावरून साधा हिशेब निघतो. सकाळी ऊन उतारावर आलं की तुमचा वास वर जाणार, म्हणून सकाळची बैठक हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला. मात्र उजाडण्याआधीचा पाऊण-एक तास हवा अजून खालीच उतरत असते, तो काळ विसरू नका. संध्याकाळी सूर्य कलून सावली पडली की वास खाली जाणार, म्हणून संध्याकाळची बैठक वाटेच्या खालच्या अंगाला, आणि तुमच्याखाली हरणं नसतील अशा ठिकाणी.

माझ्या पहिल्या मचाणाची चूक यात आहे. ते घळीच्या वरच्या कुशीत होतं, जिथे दोन उतार भेटतात. अशा खोलगट जागी दोन्हीकडची हवा येऊन भोवरा होतो. वाटा तिथे भरपूर असतात, कारण हरणांना ही जागा सुरक्षित वाटते, आणि ती सुरक्षित वाटते याचं कारण तिथे त्यांना चहूबाजूंचे वास मिळतात. नवशिक्याला खुरांची गर्दी दिसते आणि तो तिथेच शिडी लावतो. त्या जागी कुठल्याही वाऱ्याला बसता येत नाही. तळातल्या आणि खोलगट जागा सरळ सोडून द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

वारा वाचायला यंत्र लागत नाही. दुकानात पावडरच्या बाटल्या मिळतात, पण ती दहा फुटांवर दिसेनाशी होते. म्हातारी शंभर फुटांपर्यंत नजरेत राहते आणि वाटेत कुठे वळली, कुठे खाली बुडाली, सगळं दाखवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात बांधावरच्या मिल्कवीडच्या चार-पाच शेंगा तोडून कागदी पिशवीत ठेवल्या की वर्षभर पुरतात. झाड निवडण्याआधी त्या झाडाखाली उभं राहून सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या दिवशी, पाच-सहा म्हाताऱ्या सोडून बघा. हे करणारे फार थोडे असतात.

आता एक बारीक गोष्ट. तुम्हाला शंभर टक्के सोयीचा वारा असेल, तर तो हरणाला शंभर टक्के गैरसोयीचा असतो, आणि शहाणा नर त्या वाऱ्याला त्या वाटेनं येतच नाही. चालताना त्यालाही वारा नाकावर किंवा निदान तिरका हवा असतो. म्हणून उत्तम जागा ती, जिथे त्याला वाटतं की वारा आपल्या बाजूचा आहे, आणि तुमचा वास मात्र त्याच्या वाटेच्या जेमतेम बाजूनं निसटतो. वीस-तीस पावलांचा फरक. तुमच्या मागे मोठं मोकळं शेत, तळं, कडा किंवा रस्ता असेल, तर वास तिथे वाया जातो आणि हे जमतं. तिथून हरीण येत नाही, मग तिकडे वास गेला तर बिघडत नाही.

जायची आणि यायची वाट

जमीन किती लहान असते ते आधी लक्षात घ्या. इथे जमिनी चाळीस एकरांच्या चौकोनांत मोजल्या जातात, आणि असा चौकोन एका बाजूनं पाव मैल भरतो. मी बसतो ते शेत ऐंशी एकरांचं, म्हणजे असे दोन चौकोन. वाऱ्यानं दोन-तीनशे यार्ड वास नेला तर एका चौकोनाचा निम्म्याहून अधिक भाग संपला. चुकीच्या वाटेनं एकदा आत गेलात की त्या दिवसापुरती सगळी जमीन उठवलीत.

म्हणून सकाळी अंधारात शेत ओलांडून जाऊ नये, कारण त्या वेळी हरणं शेतातच चरत असतात. सकाळचं मचाण रानाच्या आत, बसायच्या जागेच्या अलीकडे, आणि तिथे मागच्या बाजूनं पोचता येईल असं. संध्याकाळी उलट: दुपारी हरणं रानात बसलेली असतात, म्हणून शेताच्या कडेनं गेलेलं चालतं, रानातून मात्र नाही. ओहळाचं पात्र ही जाण्याची फार चांगली वाट. काठ उंच असल्यानं तुम्ही दिसत नाही, पाण्यानं पावलांचा आवाज झाकला जातो आणि वास खालच्या थंड हवेबरोबर वाहून जातो. उन्हाळ्यात मी मचाणाजवळची शेवटची साठ-सत्तर पावलं दाताळ्यानं साफ करून ठेवतो. ऑक्टोबरातला ओकचा वाळका पाला पापडासारखा मोडतो आणि थंड हवेत तो आवाज लांब जातो.

परतीचा प्रश्न लोक विचारातच घेत नाहीत. संध्याकाळी शेताच्या कडेला बसलात, अंधार पडला, समोर शेतात पंधरा हरणं चरत आहेत. आता खाली कसे उतरणार? उतरलात तर पंधराच्या पंधरा जनावरांना कळलं की त्या झाडात माणूस असतो, आणि मादी असली गोष्ट विसरत नाही. पुढच्या वेळी शेतात पाऊल टाकण्याआधी ती मान वर करून त्या झाडाकडे बघते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे: एक म्हातारी मादी, दोन पाडसं मागे, कडेला थांबून मिनिटभर माझ्या फांदीकडे टक लावून उभी, मग पुढच्या पायानं जमिनीवर एक ठोका, दुसरा ठोका, आणि पांढरी शेपटी उभारून तिघंही परत रानात.

यावर इथले शेतकरी करतात तो उपाय मला शेतमालकानं शिकवला. अंधार पडला की तो आपली पिकअप घेऊन शेतातून हळूहळू जातो. हरणांना ट्रॅक्टर आणि पिकअपची सवय असते. ती सावकाश रानात सरकतात, घाबरून पळत नाहीत. गाडी झाडाखाली येते, मी उतरून बसतो. झाडात माणूस होता हे त्यांना कळतच नाही. असा कुणी नसेल तर शेतापासून चाळीस-पन्नास यार्ड रानाच्या आतलं झाड घ्या. हरणं अंधार पडेपर्यंत तिथेच रेंगाळतात, आणि ती शेतात पोचली की तुम्हाला मागून निघता येतं.

वाटा कुठे एकवटतात

जिथे हरणाला दोन पर्याय असतात तिथे तुमचं नशीब निम्मं, जिथे एकच असतो तिथे पूर्ण. नरसाळ्याची मान शोधा. दोन रानांना जोडणारी झाडांची अरुंद पट्टी, ओहळाचे काठ जिथे ढासळून उतार झाला आहे ती जागा, डोंगरधारेतली खिंड, तळं आणि कड्याच्या मधली चिंचोळी वाट, कुंपणाची वरची तार जिथे झुकलेली आहे तो खांब. शेतमालक तुम्हाला कुंपणाबद्दल जे सांगेल ते नीट ऐका. तार कुठे दरवर्षी दुरुस्त करावी लागते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

अल्डो लिओपोल्ड 1933 पासून मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत. दोन प्रकारची झाडी किंवा रान आणि शेत जिथे भेटतं त्या कडेला जनावरांची वर्दळ जास्त असते, हा मुद्दा त्यांनी ठासून मांडला. रानाच्या आतही अशा कडा असतात: मोठ्या ओकचं रान संपून दाट झुडपी सुरू होते ती रेघ, जुनी तोड झालेला तुकडा. शेतावरून त्या दिसत नाहीत, आत हिंडावं लागतं. समोच्च रेषांचा नकाशा आणि वरून काढलेलं छायाचित्र शेजारी ठेवलं तर अर्धं काम घरीच होतं. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, बाहेर जिभेसारख्या आल्या की सोंड, दोन्हीकडून आत वळून मध्ये मोकळं सोडलं की खिंड.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र सगळे नियम सैल होतात. माद्या माजावर येतात आणि नर भर दुपारीही हिंडतात. ते माद्यांच्या बसण्याच्या जागांच्या वारा-जातो-त्या अंगानं फिरतात, म्हणजे एका फेरीत सगळ्यांचा वास घेता येतो. अशा दोन जागांच्या मधली खिंड असेल तर तिथे डबा घेऊन दिवसभर बसावं. वर्षातले हे दहा-पंधरा दिवस राखून ठेवा, त्याआधी तीच जागा वापरून जुनी करू नका.

गोळी पुढे कुठे जाणार

यावर तडजोड नाही. झाडावर चढण्याआधी त्या झाडापासून चारी दिशांना बघा: घर, गोठा, रस्ता, शेजाऱ्याचं कुरण कुठे आहे. मचाण असं हवं की हरणामागे माती असेल, उतार असेल. धारेवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर गोळी झाडायची नसते, कारण ती पुढे कुठे थांबेल हे कुणाच्याच हातात राहत नाही. उंचावरून खाली नेम असला की गोळी किंवा बाण जमिनीत जातो, हा मचाणाचा मोठा फायदा आहे.

शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून मचाण बांधू नका. नेम चांगला बसला तरी हरीण शंभर यार्ड धावू शकतं, आणि शेजाऱ्याच्या जमिनीत पडलं तर त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला तिथे पाय ठेवता येत नाही. हद्दीवरच्या मचाणावरून इथे पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली कुटुंबं आहेत. हंगामाच्या आधी केकचा डबा घेऊन शेजाऱ्याकडे जा, मचाण कुठे आहे ते सांगा, त्याचा फोन नंबर घ्या.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या आधीच्या) शनिवारी सुरू होतो. त्या काळात कमरेवरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक केशरी किंवा 2016 पासून भडक गुलाबी असावा लागतो, टोपी घातली तर तिचाही. हरणाला केशरी रंग उठून दिसत नाही, निळा मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून जीन्स घालून बसू नये.

मका किंवा मीठ टाकून हरणं मचाणाखाली आणण्याचा मोह होतो. 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये हरणांना होणारा झिजेचा आजार सापडला, तो एका बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि त्यावर इलाज नाही. एकाच ढिगावर तोंडं लागली की तो पसरतो, म्हणून बाधित काउंट्यांमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये, चारा टाकायला बंदी आहे. मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्या आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका.

मग झाड

ॲश नको. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा 2008 मध्ये या राज्यात सापडला आणि तेव्हापासून ॲशची झाडं उभ्या उभ्या मरत आहेत. वरून खोड धड वाटतं, आतून ठिसूळ असतं. जिवंत, सरळ, तुमच्या अंगापेक्षा रुंद खोडाचा ओक सगळ्यात चांगला. कोवळ्या ओकची वाळकी पानं नोव्हेंबरातही फांद्यांवर टिकून असतात, तो आडोसा आयता मिळतो. पाठीमागे फांद्यांची गर्दी हवी, नाहीतर उघड्या खोडावर तुम्ही गाठीसारखे दिसता. सकाळी ऊन तोंडावर येईल अशी बैठक नको.

उंची पंधरा ते वीस फूट. तीस फुटांवर चढणारे असतात, पण जितकं वर जाल तितका नेमाचा कोन उभा होतो आणि दोन्ही फुप्फुसांतून बाण जाण्याची शक्यता कमी होते. जखमी जनावर रात्रभर शोधत फिरणं हा या छंदातला सगळ्यात वाईट अनुभव आहे, ते टाळणं आपल्या हातात असतं. झाड वाटेच्या डोक्यावर नको. धनुष्यासाठी पंधरा-वीस यार्ड बाजूला, वारा वाटेवरून तुमच्याकडे येईल किंवा तिरका निसटेल अशा अंगाला.

आणि पट्टा. जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत अंगावर पूर्ण हार्नेस, दोरीला अडकवलेला. चढताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात नेहमी शिडीवर. बंदूक रिकामी करून, दोरीनं नंतर वर ओढायची. मचाणावर जाणाऱ्यांना बंदुकीपेक्षा पडण्याचा धोका मोठा असतो. पहिल्या वर्षी तरी शिडीचं तयार मचाण घ्या, ते लावायला तिघं लागतात, पण चढ-उतार सुरक्षित होते. झाडच सापडत नसेल तर जमिनीवर लपण करा, वाऱ्याचे नियम तेच.

कधी शोधायचं

हे सगळं शोधण्याची वेळ ऑक्टोबर नाही, फेब्रुवारी-मार्च आहे. हंगाम संपलेला असतो, तुम्ही कितीही हिंडलात तरी हरणांना विसरायला सात-आठ महिने मिळतात. पानं नसतात, बर्फ विरघळत असतो आणि वर्षभराच्या वाटा जमिनीवर पिवळ्या दोऱ्यांसारख्या उमटलेल्या दिसतात. सोंडेच्या टोकाला अंडाकार दबलेला पाला दिसला, त्यात राठ पांढरट केस असले, की ती बसायची जागा. त्यात स्वतः बसून बघा. हरणाच्या उंचीवरून काय दिसतं, वारा कुठून येतो, तुमची नेहमीची येण्याची वाट तिथून दिसते का. मी माझ्या जुन्या ओकच्या वरच्या सोंडेवर असा बसलो, तेव्हा घळीतलं माझं मचाण, त्याची शिडी, गाडी लावायची जागा, सगळं ऐंशी यार्डांवर उघडं दिसत होतं.

एका जमिनीवर तीन-चार झाडं तयार ठेवावीत, वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी. विस्कॉन्सिनमध्ये थंडीची लाट आली की वायव्येचा वारा, ती येण्याआधी दक्षिणेचा, एवढं बहुतेक वेळा धरून चालता येतं. वारा जुळत नसेल त्या दिवशी बसूच नका, शेतमालकाला लाकडं फोडायला मदत करा. एकाच झाडावर लागोपाठ तीन दिवस बसलं की चौथ्या दिवशी ते झाड हरणांना पाठ झालेलं असतं.

हंगाम संपला की मचाणाचे पट्टे सोडवून घरी आणा. झाड जाड होत जातं, घट्ट पट्टा सालीत रुततो, उन्हा-बर्फानं कुजतो, खारी कुरतडतात, आणि पुढच्या वर्षी तोच तुमच्या वजनाखाली तुटतो. मी पट्ट्यांवर वर्ष लिहून ठेवतो. घळीतल्या त्या ओकवरचे पट्टे काढले आणि पुन्हा बांधले नाहीत. मचाण आता सोंडेपासून दीडशे यार्डांवर, धारेच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला एका पांढऱ्या ओकवर आहे. दक्षिणेचा वारा असला की माझा वास मागच्या कापलेल्या मक्यावरून निघून जातो. गेल्या नोव्हेंबरात तिथून सोडलेली म्हातारी बघता बघता कुंपणापलीकडे गेली, आणि ती अजून दिसत होती तेवढ्यात खाली पाला वाजला.